चौथं बोट

२ सप्टेंबर, सोमवार

एकदाची पोचले! दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि टॉवेलात गुंडाळलेला, ताल मोजायचा मेट्रोनोम, एवढाच माझा लवाजमा. संगीतशाळा पहिल्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. जिना इतका अरुंद की पियानो वर कसा चढवला असेल, हा मला पहिला प्रश्न पडला. शाळेच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या की खिडकीची चौकट काढून, दोर लावून. सांगताना हात असे ओढत होत्या की जणू पियानो त्यांनी एकटीनेच वर घेतला.

माझी खोली कॉरिडॉरच्या टोकाला. पियानो उभा, जुना, पण तब्येतीने ठणठणीत. मधली एक पट्टी जरा जड आहे, तेवढं चालायचंच, या वयात कुणाचं ना कुणाचं काहीतरी दुखतं. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला खरखरीत काच, तिच्यातून माणूस कळतो पण चेहरा कळत नाही. बाहेर मुलांना थांबायला भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक.

चौदा नोव्हेंबरला ग्रेडच्या परीक्षांचे परीक्षक इथेच येणार. माझ्याकडे सात मुलं, पहिल्या ग्रेडपासून पाचव्यापर्यंत. अकरा वर्षांत माझं एकही मूल नापास झालेलं नाही, हे मोठ्या मॅडमना कुणीतरी सांगितलेलं दिसलं. त्यांनी ते दोनदा बोलून दाखवलं. मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू?

येण्याआधी केस मानेपर्यंत कापून टाकले. इतकी वर्षं अंबाडा आणि त्यात खोचलेली पेन्सिल वागवली. आता आरशात कुणीतरी बरी बाई दिसते.

५ सप्टेंबर, गुरुवार

सातही मुलं पाहून झाली. दोघांना सूर आहे पण ताल नाही, एकाला ताल आहे पण तो कुठल्या दुसऱ्याच गाण्याचा, तिघं सज्जन आणि सुस्त. आणि सातवी पाचव्या ग्रेडची. अकरा वर्षांची, पुढचे दोन दात मोठे, एका जागी बसेल तर शपथ. तिचं नाव मी मनातल्या मनात खारूताई ठेवलं आणि दुसऱ्या मिनिटाला तोंडातून बाहेरही पडलं. रागावली नाही. उलट दात दाखवून हसली.

तिचे वडील शिंपी. गळ्यात टेप तसाच ठेवून तिला सोडायला येतात. मुलीचा हात त्यांनी असा माझ्या हातात दिला की जणू मापाला कापड दिलं. म्हणाले की आई नाही हिला, आणि मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा तुम्ही म्हणाल ती पूर्वदिशा.

हात छोटा, पण काय चपळ! एकच गोष्ट. पियानोत बोटांना नंबर असतात, अंगठा एक, करंगळी पाच. त्या हिशेबाने करंगळीशेजारचं बोट चौथं, आणि ते सगळ्यांचंच आळशी. शेजारची उठल्याशिवाय उठत नाही. खारूताई स्केल वाजवताना, म्हणजे सूर एकापाठोपाठ चढत नेताना, चौथ्या बोटाशी आली की आवाज बसतो. वडिलांना सांगितलं की रोज वीस मिनिटं, सावकाश, आणि हात दुखला की ताबडतोब थांबायचं. हे शेवटचं मी जरा मोठ्यानेच सांगितलं. ते म्हणाले, हो हो मॅडम, मला ऐकू येतं.

११ सप्टेंबर, बुधवार

आज कानाची तयारी घेतली. मी सूर वाजवायचा, मुलांनी गाऊन दाखवायचा. तालवाल्या मुलाने असा काही सूर लावला की खालच्या चष्मेवाल्यांनी वर डोकावून चौकशी केली. हसून हसून पुरेवाट झाली.

चहा घेऊन परत येत होते. खारूताई बाकावर वाट बघत बसली होती, उजवा हात लाकडावर पसरून. चार बोटं घट्ट दाबलेली आणि एकटं चौथं वर, खाली, वर, खाली. ओठ हलत होते. मोजत होती.

विचारलं, हे काय चाललंय? म्हणाली, खुंट्या.

चहा सांडला हातावर.

कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणे बाहेरच्या मिसनी. असेल कुणी. तिला सांगितलं की हे करायचं नाही, अजिबात नाही. तिने मान डोलावली. मुलं जशी डोलावतात तशी.

२० सप्टेंबर, शुक्रवार

खुंट्या म्हणजे काय ते इथे लिहून ठेवते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. पाची बोटं पट्ट्यांवर दाबून धरायची. चार हलवायची नाहीत, खुंट्या ठोकल्यासारखी. चौथं तेवढं उचलायचं, जितकं जाईल तितकं वर, आणि आपटायचं. शंभर वेळा. बोट आठवड्याभरात सुधारतं. हा व्यायाम माझा, आणि हे नावही मीच ठेवलेलं. कुठल्या पुस्तकात ते नाही. इथे मी ते कुणापुढे उच्चारलेलं नाही, उच्चारणारही नव्हते.

मोठ्या मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं की पियानोच्या आणखी कुणी मिस येतात का. त्या म्हणाल्या, छे, गिटारवाले सर आणि तुम्ही, एवढाच आमचा ताफा. आधीची पियानोची बाई लग्न करून परदेशी गेली, तिलाही दोन वर्षं झाली.

आता सातही मुलं बाकावर खुंट्या करतात. मी गेले की हात मांडीवर घेतात, निरागसपणे. सगळे म्हणतात बाकावरच्या मिस. त्या पेन्सिलीने लाकडावर ठोके देतात आणि रागवत नाहीत, फक्त "पुन्हा" म्हणतात.

मुलं सुधारताहेत, हेही लिहायला हवं. सुस्त होती ती तिघंसुद्धा. आणि ते मला आवडलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

हे कधीतरी लिहावंच लागणार होतं.

मागच्या गावी माझी एक विद्यार्थिनी होती. तीही पाचव्या ग्रेडची, बारा वर्षांची, माझ्यावर जीव टाकणारी. तिला मी खुंट्या दिल्या. शंभराच्या दोनशे केल्या, दोनशेच्या चारशे. परीक्षेच्या महिनाभर आधी तिने सांगितलं की मनगटापासून कोपरापर्यंत ठणकतं. मी म्हटलं, ठणकतं म्हणजे बोट तयार होतंय. तिची आई दोनदा येऊन गेली. थोडे दिवस विश्रांती देऊ का, असं अजिजीने विचारत होती. मी तिला समजावलं की आता थांबलात तर वर्ष वाया जाईल. माझ्या आवाजात किती आत्मविश्वास होता! मला काहीच माहीत नव्हतं. खरं म्हणजे माहीत होतं. तिला पेन खाली ठेवून हात चोळताना मी पाहिलं होतं, एकदा नव्हे, दहादा.

तिला डिस्टिंक्शन मिळालं. निकालाच्या दिवशी मी पेढ्यांसारखी बातमी वाटत फिरले. तिसऱ्या आठवड्यात तिची शेवटची दोन बोटं तळहाताकडे वळली आणि तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले की शिरांना सूज होती, फार आधी थांबायला हवं होतं, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं की मला कुणी काही बोललंच नाही.

हे मी बोलले. तिच्या आईच्या तोंडावर. आणि ती मुलगी खाली मान घालून गप्प बसली, मला सांभाळून घेतलं तिने. बारा वर्षांच्या पोरीने.

पुढच्या महिन्यात मी केस कापले आणि हे गाव शोधलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

पुस्तकांचं खोकं आवरताना जुन्या शाळेच्या कार्यक्रमाचा फोटो हाती लागला. आम्ही सगळ्या शिक्षिका रांगेत उभ्या. खारूताई शेजारी येऊन वाकली आणि एकदम खूश होऊन बोट ठेवलं. म्हणाली, ह्याच की त्या! बाकावरच्या मिस!

बोट माझ्यावर होतं. अंबाडा, त्यात पेन्सिल, हसू.

मी विचारलं की ही कोण आहे ते ओळखतेस का. तिने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली की तुमची बहीण असेल, थोडी तुमच्यासारखी दिसते. पण त्या छान शिकवतात हं.

फोटो उलटा करून ठेवला. मग फाडला. फाडून काय होतंय म्हणा.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज ठरवून मीच बाकावर जाऊन बसले. चार वाजता, लख्ख उजेडात. खारूताईला आत एकटीला वाजवायला सांगितलं. म्हटलं, येऊ दे कोण येतंय ते, मी इथे ठाण मांडून बसलेय.

कुणी आलं नाही. दहा मिनिटं स्केल ऐकू येत होती. मग ती थांबली आणि आतून ठोके आले, लाकडावर पेन्सिलीचे. आणि मोजणं. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. आवाज माझा. आपलाच आवाज यंत्रातून ऐकला की जसा परका वाटतो, तसा.

काचेपलीकडे पोरीच्या मागे कुणीतरी उभं होतं. चेहरा कळत नव्हता, पण डोक्याच्या मागे गाठ कळत होती आणि गाठीतून बाहेर आलेली एक काडी.

दार ढकललं. आत खारूताई एकटी. घामाघूम झालेली. म्हणाली की मिस, एकोणचाळीसवर थांबू की पुढे मोजू? तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसत होती.

मी आता बाहेर गाठ पडेल कुणाशी म्हणून कॉरिडॉरमध्ये पाहत नाही. ती कोण आहे ते मला माहीत आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

शिंपीकाका आज आधीच येऊन थांबले होते. म्हणाले की पोरीला स्वेटरची बटणं लावता येत नाहीत. सकाळी चौथं बोट वाकलेलंच असतं, कोमट पाण्यात धरलं की सुटतं. माझा स्वतःचा धंदा बोटांचा आहे, सुई टोचून टोचून बोटं बधिर होतात ते ठाऊक आहे, पण हे तसलं दिसत नाही. असं असतं का हो पियानोत?

मी सांगितलं की नसतं. डॉक्टरांकडे न्या, वाजवणं बंद. एवढं तरी बोलले! परीक्षेतून नाव मागे घेण्याचा फॉर्म मोठ्या मॅडमकडून आणला. एकतीस तारखेपर्यंत पाठवायचा असतो. तो भरला, सही केली, पाकिटात घातला.

आज किती महिन्यांनी शांत वाटतंय.

३० ऑक्टोबर, बुधवार

फॉर्म पर्समध्येच आहे.

वाजवणं बंद म्हटलं होतं, तरी खारूताई आज आली. डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती सांगितली होती, आणि तिच्या मते आठवडा झालाच. मला म्हणाली, एकदाच ऐका. एकदाच. मी नाही म्हणायला हवं होतं. ऐकलं. चढताना, उतरताना, एकही सूर दुसऱ्यापेक्षा जड नाही, चौथं बोट कुठे पडलं ते कळूच नये. मोठ्या मॅडम फाइल घेऊन जात होत्या, त्या दारात थबकल्या. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं —

डिस्टिंक्शन. नक्की. हाच विचार आला आधी. हात नंतर आठवला.

पोस्टाची पेटी चष्म्याच्या दुकानासमोर आहे. तिच्यावरून तीनदा गेले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

मुदत गेली. मी जाऊ दिली. बाकावरच्या मिसनी नाही. मी.

४ नोव्हेंबर, सोमवार

जुन्या गावी फोन लावला. माफी मागायची होती, आता तरी. त्या मुलीनेच उचलला. आवाज मोठ्या माणसासारखा झालाय. डाव्या हाताने लिहायला शिकले, म्हणाली. मी रडायला लागले, तर तीच मला समजावत होती.

मग तिने फार हळू आवाजात, घरच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, विचारलं की मिस, तुम्ही रोज चार वाजता येता ते आता बंद कराल का. बोटं उचलत नाहीत हो माझी. तुम्ही मोजत राहता आणि मी उचलू शकत नाही आणि तुम्ही पुन्हा म्हणता.

मी म्हटलं, मी नाही येत. मी तर इथे —

ती म्हणाली, बरं मिस.

त्याच आवाजात. मला सांभाळून घेणाऱ्या.

११ नोव्हेंबर, सोमवार

बाक गच्चीवर नेऊन ठेवला. मुलं जमिनीवर बसून करतात. फरशीवर.

दोन मुलांच्या मनगटांना पट्टी. त्यांच्या आया विचारत नाहीत. मुलं चांगलं वाजवताहेत ना, मग कोण विचारणार? मी विचारायला हवं. मी —

खारूताई आता पाणी पिताना पेला दोन्ही हातांनी धरते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

उद्या सांगणार. वडिलांना सगळं सांगणार, मागच्या मुलीचंसुद्धा. आरशासमोर म्हणून पाहिलं. तिला बसवू नका. चार शब्दही नाहीत. जमलं.

आरशात अंबाडेवाली ती माझ्या मागे उभी होती, आणि तिचेही ओठ हलत होते. वेगळे हलत होते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी नऊ पन्नास. कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर. परीक्षक माझ्या खोलीत आहेत, चष्मा लावलेले, सौम्य, मुलांना पाणी विचारणारे.

शिंपीकाका आले. पोरीला नव्या कपड्यात आणलं होतं, बटणं सगळी त्यांनीच लावलेली. मला बाजूला घेऊन म्हणाले की रात्रभर हात उशाखाली दाबून झोपली, बोट दिसू नये म्हणून. बसवू की नको, मॅडम, तुम्ही सांगाल तसं.

मी "नको" म्हणायला तोंड उघडलं. शपथेवर लिहिते, "नको"च म्हणायला.

आणि माझ्या मागून, अगदी कानाजवळून, आवाज आला की आता इथवर आलोच आहोत तर वाजवू दे, संध्याकाळी बर्फ लावा.

त्यांनी मान हलवली. पण ते माझ्या मागे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते. खारूताईसुद्धा माझ्याकडेच. माझ्या तोंडाकडे.

माझं तोंड मिटलेलं होतं. होतं ना?

दार लागलं.

काचेतून दोन माणसं दिसताहेत, पियानोशी पोर आणि टेबलाशी परीक्षक. आणि तिसरं. पोरीच्या खांद्याशी.

उठायला हवं. चार पावलांवर दार आहे. ढकलायचं आणि म्हणायचं, थांबवा. परीक्षक रागावतील, बस्स, आणखी काय होणार आहे? तिचा हात वाचेल.

पहिली स्केल. स्वच्छ.

उठते.

दुसरी. चढताना मध्येच एक बारीक कण्हणं आलं. वडिलांनी ऐकलं. माझ्याकडे बघताहेत. मी वहीत बघतेय — सूर हलला नाही. ती कण्हली पण सूर नाही हलला. कुठल्याच मुलाने आजवर असं —

रडतेय ती. वाजवता वाजवता. आत कुणीतरी म्हणतंय पुन्हा. किंवा इथे. माझे ओठ गार पडलेत.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं, नुसते ऐकताहेत. परीक्षक पेन खाली ठेवत नाहीत कधी. कधीच नाही.

किती सुंदर वाजवते आहे!

उठते. आता उठतेच. सगळ्यात अवघड तेवढी राहिलीय, तीही जर अशीच गेली तर — एवढी होऊ दे. एवढी झाली की लगेच दार — देवा, मला माफ कर, फक्त एवढी एक —